एकशे बारा सोबती

"हार कसला घालू? चंदनाचा आहे, मोत्यांचाही आहे," फ्रेमवाल्याने विचारलं.

"चंदनाचाच घाला."

"कधी वारले?"

"मंगळवारी."

"जवळचे?"

"भावासारखे," मी म्हणालो.

त्याने काचेवर फडकं मारलं आणि फोटोखालचा मजकूर वाचायला घेतला. वाचताना त्याचे ओठ हलत होते. शेवटपर्यंत वाचून तो म्हणाला, "लिहिलंय मात्र झकास. कुणी लिहिलं?"

"मीच."

"पाणी आलं डोळ्यांत," तो म्हणाला. डोळे कोरडेच होते, पण मला बरं वाटलं. खोटं कशाला सांगू? सात वर्षांपूर्वीच्या त्या रविवारी, वर्तमानपत्रात गुंडाळलेली फ्रेम काखेत घेऊन दुकानातून बाहेर पडलो, तेव्हा मला चक्क बरं वाटत होतं.

फोटो दिगंबर बोरस्त्यांचा होता. आम्ही त्यांना दिगूभाऊ म्हणायचो. मी पाटबंधारे खात्यात लागलो तेव्हा माझी पहिली नेमणूक खडकओहोळ धरणावर झाली. सव्वीस वर्षांचा होतो, एकटा होतो आणि स्वयंपाकातलं मला फक्त पाणी तापवता येत होतं. भाऊ माझ्याहून पाच वर्षांनी मोठे. वसाहतीत शेजारच्या क्वार्टरमध्ये ते आणि रत्नप्रभावहिनी राहायचे. त्यांना मूलबाळ नव्हतं. पहिल्याच आठवड्यात वहिनींनी मला सांगितलं, "भाऊजी, मेसचं खाऊन पोट बिघडवून घेऊ नका. दोन भाकरी जास्त थापायला मला काही वेगळी चूल लागत नाही." त्या दोन भाकरी मी तीन वर्षं खाल्ल्या. मधे टायफॉइड झाला तेव्हा एकवीस दिवस त्यांच्याच घरी पडून होतो. भाऊ धरणाच्या भिंतीवरून संध्याकाळी परत येताना आधी माझ्या उशाशी यायचे, मग पाय धुवायचे.

पुढे बदल्या झाल्या. लग्न झालं, मुलगी झाली. शेवटी दोघंही नाशकात स्थिरावलो. मी इंदिरानगरला, ते मखमलाबाद रस्त्याला. मधलं अंतर सात किलोमीटर. सुरुवातीला दिवाळीला, संक्रांतीला जाणं-येणं होतं. मग धरणावरच्याच चव्हाणक्यांनी 'खडकओहोळ सोबती' नावाचा व्हॉट्सॲप ग्रुप काढला. धरणावर काम केलेले एकशे बारा जण त्यात आले. सगळे आनंदून गेले. इतक्या वर्षांनी पुन्हा एकत्र आलो, असं जो तो लिहीत होता. भाऊंचा रोज सकाळी सुविचार यायचा, मी त्यावर नमस्काराचे हात टाकायचो. संक्रांतीला तिळगुळाचं चित्र जायचं, दिवाळीला पणतीचं. कधी बायको म्हणायची, "बोरस्त्यांकडे जाऊन येऊ या का?" मी म्हणायचो, "अगं, रोज तर बोलणं होतंय." भाऊंना मी शेवटचं प्रत्यक्ष कधी पाहिलं, हे त्या रविवारी मोजलं तेव्हा सहा वर्षं भरली.

मंगळवारी दुपारी चव्हाणक्यांनी ग्रुपवर टाकलं, 'आपले सर्वांचे लाडके बोरस्ते साहेब आज सकाळी आपल्याला सोडून गेले. भावपूर्ण श्रद्धांजली.' खाली भाऊंचा फोटो. त्यांच्याच नावापुढे कायम दिसायचा तो, धरणाच्या भिंतीवर, काळेभोर केस, डोळ्यांवर हात धरलेला. मी ऑफिसात होतो. वाईट वाटलं. नाही असं नाही. फोन करावा असंही वाटलं, पण अशा वेळी वहिनींना काय बोलायचं? मग मी दार लोटून घेतलं आणि लिहायला बसलो. पाऊण तास लिहिलं. ग्रुपवर टाकलं. संध्याकाळपर्यंत त्रेसष्ट जणांची उत्तरं आली. 'कुलथे साहेब, शब्द संपले.' 'रडवलंत.' 'असा मित्र मिळायला भाग्य लागतं.' मी जेवताना, झोपण्याआधी पुन्हा पुन्हा उघडून वाचत होतो. अंत्यविधीला कितीला नेणार आहेत, हे विचारायचं राहून गेलं.

शुक्रवारी चव्हाणक्यांचा फोन आला. "कुलथे, तुम्ही नाशकातच आहात. ग्रुपच्या वतीनं जाऊन या. तुमचा लेख आणि साहेबांचा फोटो मिळून एक फ्रेम करा, वहिनींना द्या. आणि देतानाचा फोटो टाका हं ग्रुपवर."

म्हणून मी निघालो होतो.

तळमजल्यावरचा फ्लॅट होता. दाराबाहेर चपलांच्या दोन जोड्या आणि भिंतीला टेकवून ठेवलेली घडीची चाकाची खुर्ची. ती पाहून माझ्या लक्षात आलं, की भाऊ कशाने गेले हेच मला माहीत नाही. आजारी होते की काय? कुणी विचारलं तर पंचाईत, असं मनात आलं. बेल दाबली.

दार एका म्हाताऱ्याने उघडलं. खप्पड गाल, चार-पाच दिवसांची पांढरी दाढी, अंगात मळका बनियन. भाऊंचे थोरले भाऊ निफाडला असतात, ते असावेत, असं मी धरून चाललो. हात जोडून, आवाज खाली आणून म्हणालो, "नमस्कार. मी प्रभाकर कुलथे. भाऊंच्या खात्यातला. फार वाईट झालं. वहिनी आहेत का आत?"

म्हातारा माझ्याकडे बघत राहिला. मग बाजूला होत म्हणाला, "ये, प्रभाकर. आत ये."

आवाज भाऊंचा होता.

माझे पाय उंबऱ्यातच थांबले. तोंडातून काहीतरी निघालं. 'भाऊ' म्हणालो की 'अहो' म्हणालो, आठवत नाही. त्यांनी माझा दंड धरून मला आत घेतलं, खुर्चीवर बसवलं, स्वतः आत जाऊन पाण्याचा तांब्या आणला. समोरच्या टेबलावर वहिनींचा फोटो होता. पुढे समई. फोटोला हार नव्हता, फक्त जास्वंदीचं एक फूल टेकवलेलं.

"वहिनी गेली तुझी," भाऊ म्हणाले. "मंगळवारी सकाळी. सव्वासहाला."

मी पाणी प्यायलो.

"मला... भाऊ, आम्हाला वाटलं..."

"माहितेय. किरणनं सांगितलं." किरण म्हणजे त्यांचा पुतण्या. "त्यानंच चव्हाणक्यांना कळवलं होतं. 'सौ. रत्नप्रभा दिगंबर बोरस्ते यांचं निधन', असं. चव्हाणक्यांनी दिगंबर बोरस्ते तेवढं वाचलं. हिचा फोटो कुठाय कुणाकडे? माझा होता, तो लावला."

"मग तुम्ही लगेच ग्रुपवर का नाही..."

"मी स्मशानात होतो, प्रभाकर." ते साधेपणानं म्हणाले. "आणि नंतर म्हटलं, एकशे बारा जण आहेत. कुणीतरी फोन करेल, कुणीतरी येईल, त्याला कळेलच. चार दिवस वाट पाहिली. तू पहिला आलास."

मी फ्रेम खुर्चीआड सरकवली.

"ते काय आणलंस?" त्यांनी फ्रेमकडे बोट केलं.

"काही नाही. असंच."

"दाखव."

"भाऊ, राहू द्या ना."

त्यांनी हात पुढे केला तो मागे घेतला नाही. मी फ्रेम दिली. त्यांनी वर्तमानपत्र न फाडता नीट उलगडलं, घडी करून बाजूला ठेवलं. चंदनाच्या हारातल्या आपल्या काळ्या केसांच्या फोटोकडे बघितलं. वाचायला चष्मा लागत होता. स्वतःचा सापडेना, म्हणून फोटोजवळ ठेवलेला वहिनींचा चष्मा डोळ्यांवर चढवला आणि मोठ्यानं वाचायला लागले.

"'खडकओहोळचा आधारवड आज कोसळला. दिगूभाऊ म्हणजे सुखदुःखात धावून जाणारा माणूस.'" ते थांबले. "बरं लिहिलंस." पुढे वाचलं. "'त्यांच्या घरची भाकरी ज्याने खाल्ली, तो कधी उपाशी झोपला नाही.' भाकरी हिनं केली रे. मी पण तीच खात होतो."

"भाऊ, पुरे करा," मी म्हणालो.

"थांब, संपत आलंय. 'आमची रोज भेट होत नसली तरी मनाने आम्ही रोज भेटत होतो.'" त्यांनी चष्मा काढला. "केव्हा भेटत होतो रे?"

त्या प्रश्नात राग नव्हता. खरंच माहिती हवी असल्यासारखं विचारलं त्यांनी. तेवढ्यात माझ्या खिशातला फोन वाजला. मेसेज होता. भाऊ म्हणाले, "बघ, कामाचं असेल." मी बघितला. चव्हाणक्यांचा होता. मी फोन खिशात घालायला गेलो, तर भाऊंनी नजरेनंच विचारलं. मी फोन त्यांच्यापुढे धरला. 'कुलथे साहेब, पोचलात का? वहिनींसोबत फ्रेमचा फोटो टाका. सगळे वाट पाहत आहेत.'

भाऊ हसले. सहा वर्षांत पहिल्यांदा मी त्यांना हसताना पाहत होतो, आणि पाहवत नव्हतं. त्यांनी वहिनींचा फोटो टेबलावरून उचलून एका मांडीवर घेतला, फ्रेम दुसऱ्या मांडीवर. "काढ," म्हणाले.

"नको भाऊ."

"काढ की. लोक वाट बघतायत."

मी काढला. का काढला, ते मला आजही सांगता येत नाही. त्यांनी सांगितलं आणि हात वर गेला. काढून झाल्यावर त्यांनी दोन्ही वस्तू जागच्या जागी ठेवल्या. फ्रेम भिंतीकडे तोंड करून ठेवली.

"आता खरं काय ते कळव त्यांना," ते म्हणाले. "माझ्याच्यानं होत नाही टाइप करणं."

मी तिथेच बसून लिहिलं, 'चूक झाली. भाऊ आहेत. सौ. रत्नप्रभावहिनी मंगळवारी गेल्या.' मिनिटभरात फोन थरथरायला लागला. 'अरे वा! बोरस्ते साहेब शतायुषी होणार!' 'मेल्याची आवई उठली की आयुष्य वाढतं म्हणतात.' पुढे हसरे चेहरे. मग कुणालातरी वहिनी आठवल्या, की सगळ्यांचे नमस्काराचे हात सुरू. चव्हाणक्यांनी लिहिलं, 'कुलथे साहेब, वहिनींवरही चार ओळी होऊन जाऊ द्या.'

मी फोन बंद केला.

"काय झालं होतं वहिनींना?" मी विचारलं.

"रक्ताचा कॅन्सर. चौदा महिने." भाऊंनी समईतली वात पुढे केली. "तुला खरंच ठाऊक नव्हतं?"

"तुमची शपथ, भाऊ. कुणी कळवलंच नाही. मला एक फोन करायचा होतात तुम्ही! मी धावत आलो असतो."

"केला होता."

"केव्हा?"

"जूनमधे. दोनदा. दोन्ही वेळा तू कापलास, आणि लगेच मेसेज आला, 'सध्या कामात आहे, मेसेज करा.' मग मी मेसेज केला."

मला काही आठवेना. "मला नाही आला भाऊ. कसला मेसेज?"

"ग्रुपवर टाकला. वेगळा तुला एकट्याला टाकायला बरं वाटेना, गळ घातल्यासारखं होतं. हिच्या प्लेटलेट उतरल्या होत्या. डॉक्टर म्हणाले, बी पॉझिटिव्ह माणूस आणा. नुसती बाटली चालत नाही, माणसानं स्वतः येऊन दोन तास बसावं लागतं. ही म्हणाली, प्रभाकरभाऊजी आहेत की. धरणावर ते रक्तगटाचं शिबिर झालं होतं बघ, तेव्हा तुमची दोघांची कार्डं सारखी निघाली होती. तेव्हापासून ती म्हणायची, प्रभाकर माझा सख्खा भाऊच आहे, कागदावर लिहिलंय. एकशे बारा जणांत टाकला मी तो मेसेज. पण तो तुझ्यासाठीच होता."

आणि मला आठवलं. जूनमधला तो मेसेज. 'तातडीने बी पॉझिटिव्ह प्लेटलेटदाता हवा.' खाली रुग्णालय, पेशंटचं नाव आर. डी. बोरस्ते, मोबाइल नंबर. वरच्या दोन ओळी मी वाचल्या होत्या, कुणी टाकलाय तेही पाहिलं नव्हतं. तसे मेसेज रोजच येतात. मी नमस्काराचे हात टाकले होते आणि तो पुढे आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर पाठवला होता, वर स्वतःचं नाव, सोसायटी आणि एक वाक्य जोडून, 'कृपया जास्तीत जास्त लोकांपर्यंत पोचवा.' स्वतःचा रक्तगट तोच आहे, हे त्या वेळी मनातसुद्धा आलं नव्हतं. पाठवून झाल्यावर मी चहा प्यायला गेलो होतो. एक चांगलं काम झालं, असं वाटलं होतं.

"मी... मी पुढे पाठवला होता, भाऊ," मी म्हणालो. इतकं केविलवाणं वाक्य मी आयुष्यात उच्चारलेलं नाही.

"माहितेय ना. म्हणून तर तुझ्यावर रागावताही येत नाही." ते म्हणाले. "तुमच्या सोसायटीतून तो कुठे कुठे फिरत गेला, आणि वर तुझं नाव तसंच घेऊन एका मुलीपर्यंत पोचला. हर्षदा. पिंपळगावची आहे, इथं होस्टेलला राहून फार्मसी शिकते. ना ओळख ना पाळख, रिक्षा करून आली. दोन तास सुई टोचून बसली. जाताना म्हणाली, ज्यांना द्यायचंय त्यांना बघून जाऊ का? हिच्यापाशी बसली घटकाभर. पुढच्या शनिवारी परत आली. मग दर शनिवारी यायची. हिचे केस गेले होते, तर डोक्याला तेल लावून द्यायची. ही शेवटी शेवटी दिवस विसरायची, पण शनिवार विसरायची नाही."

मी विचारलं, "वहिनी माझ्याबद्दल काही..."

भाऊंनी हात वर करून मला थांबवलं. "ते विचारू नकोस."

बाहेर कुणाचीतरी गाडी सुरू होत नव्हती, किक मारल्याचा आवाज येत राहिला. भाऊंनी चहाला विचारलं नाही. सुतक होतं म्हणून असेल. मी उठलो. दारापर्यंत ते आले. "दहावा येत्या गुरुवारी, नदीवर," एवढंच म्हणाले. ये म्हणाले नाहीत, येऊ नकोस असंही नाही.

घरी गेल्यावर बायकोला सगळं सांगितलं, रक्ताचं सोडून. ते तिला अजून माहीत नाही. चव्हाणक्यांच्या चार ओळी मी लिहिल्या नाहीत. खरं तर लिहायला बसलो होतो. 'वहिनी म्हणजे' एवढं लिहिलं आणि पुढे काही येईना. त्या काय वाचायच्या, कशानं हसायच्या, गेल्या सहा वर्षांत त्यांचे गुडघे दुखायचे की नाही, मला काहीच ठाऊक नव्हतं. माझ्याकडे फक्त भाकऱ्या आणि टायफॉइड होता, तोही सत्तावीस वर्षांपूर्वीचा.

गुरुवारी रजा टाकून मी सकाळीच नदीवर गेलो. ग्रुपवर तारीख, वेळ, घाट, सगळं टाकलं होतं. अठ्ठ्याऐंशी जणांनी वाचल्याचं दिसत होतं. घाटावर मोजून नऊ माणसं होती. किरण, त्याची आई, शेजारचे दोघं-तिघं, भाऊंचे थोरले भाऊ. ते भाऊंसारखे अजिबात दिसत नव्हते. ग्रुपमधला मी एकटा. चव्हाणक्यांचा मेसेज आला होता, मनाने तिथेच आहे म्हणून.

विधी चालू असताना एक सावळी, चष्मा लावलेली मुलगी पायऱ्या उतरत आली. पाठीवर कॉलेजची सॅक होती. ती सरळ भाऊंच्या शेजारी जाऊन बसली. भाऊंनी तिच्याकडे न बघताच आपल्या पंच्याचं टोक तिला ओल्या पायरीवर बसायला सरकवून दिलं.

आटोपल्यावर सगळे पारावर जमले. मी हर्षदाशी बोलायला गेलो. काय बोलणार होतो, माझं मलाच माहीत नव्हतं. तुझ्यापर्यंत तो मेसेज माझ्यामुळे पोचला, हे तिला सांगायचं होतं बहुतेक. हो, तेच सांगायचं होतं. पण माझ्याआधी भाऊंच्या थोरल्या भावांनी तिला विचारलं, "पोरी, तू कुणाची गं?"

भाऊ पलीकडून म्हणाले, "आपली आहे. घरचीच."

थोरल्यांनी मान डोलावली आणि माझ्याकडे वळले. "आणि हे?"

मी भाऊंकडे बघितलं. भाऊ डोकं पुसत होते. पंचा खाली घेत त्यांनी माझ्याकडे पाहिलं, अगदी शांतपणे, आणि म्हणाले, "हे कुलथे. आमच्या ऑफिसात होते." मग मला म्हणाले, "लांबून आलात. तुम्ही जेवून जा."